३०० पानांचं लग्नाचं जेवण आपण स्वतः करायचं तर: नाशिककरांसाठी पहिल्या यादीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत

केटररला पानामागे दर ठरवून दिला की यजमानाचं डोकं मोकळं राहतं, आणि त्या मोकळेपणाचे पैसे त्या दरात असतातच. ते वाचवायचे असतील तर आचारी मजुरीवर लावायचा, किराणा आणि भाजी स्वतः भरायची, भांडी भाड्याने आणायची आणि वाढायला माणसं स्वतः उभी करायची. गावाकडे आजही असंच होतं. शहरात सवय मोडली आहे, एवढंच. खाली ३०० पानांचा हिशोब दिला आहे. भाव रोज बदलतात, म्हणून रुपयांऐवजी वजनं आणि मापं लिहिली आहेत. रुपये तुमच्या दुकानदाराकडून त्या आठवड्याच्या भावाने लावून घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. या पद्धतीत पैसे स्वयंपाकाच्या दर्जात काटकसर करून वाचत नाहीत. ते तीन ठिकाणी वाचतात: पदार्थांची संख्या कमी ठेवण्यात, कोठीच्या, म्हणजे सामानाच्या खोलीच्या, किल्लीत आणि वाढण्याच्या हातात. या तिन्हींपैकी एक जरी सुटलं तरी खर्च केटररइतकाच होतो आणि दगदग वेगळी.

हे आपल्याला झेपेल का

३०० ते ३५० पानांपर्यंत नवख्या घराला झेपतं. ४०० च्या पुढे गेलात तर दोन आचारी, दोन चुली-ओळी आणि दुप्पट वाढपी लागतात, तिथे अनुभवी माणूस हाताशी हवा.

संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की लग्नाच्या विधीत ज्यांचं काम नाही अशी पाच खात्रीची माणसं आहेत का. नवरीचे आईवडील, मामा, आत्या, करवल्या यांना कोठीवर बसवू नका. मामाला ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मुलीमागे उभं राहायचं असतं आणि नेमकं तेव्हाच आचाऱ्याला तेलाचा दुसरा डबा हवा असतो. चुलतकाका, थोरला चुलतभाऊ, शेजारी, ऑफिसातले मित्र अशी माणसं धरा. त्यांची कामं वाटून द्या: एक कोठीवर, एक आचाऱ्याजवळ, एक पाण्यावर, एक वाढप्यांवर, एक गाडी घेऊन धावपळीला.

कार्यालयाची बोली

हॉल ठरवण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: बाहेरचा आचारी चालतो का? नाशिकमधल्या बऱ्याच कार्यालयांत आणि लॉन्समध्ये त्यांचाच केटरर घ्यावा लागतो, किंवा बाहेरचा आणला तर वेगळी रक्कम भरावी लागते. ती रक्कम ऐकल्याशिवाय हॉल स्वस्त की महाग ते कळत नाही. समाजमंदिरं, सोसायटीचे हॉल आणि गावातली मंदिराची सभागृहं याबाबतीत सोयीची पडतात.

स्वयंपाकाची जागा डोळ्यांनी पाहून घ्या. वर पत्रा किंवा स्लॅब हवा, मांडवाचं कापड चुलीवर नको. जमीन सपाट हवी, सांडपाण्याला वाट हवी, आणि आदल्या दिवशी दुपारपासून ताबा मिळायला हवा. सकाळी सहाला ताबा मिळणार असेल तर बुंदी घरी किंवा दुसरीकडे पाडावी लागेल.

आणि पाणी. शहराबाहेरच्या लॉन्सवर बहुतेक बोअरचं पाणी असतं. ते जड असेल तर तूरडाळ तासन्‌तास उकळूनही मऊ होत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो. जड पाण्यातला चुना डाळीच्या सालीला आणि गराला आवळून धरतो, म्हणून असं होतं. डाळीसाठी आणि वाटाण्यासाठी नळाचं किंवा जारचं पाणी वेगळं ठेवा. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे असं समजा.

पानं मोजणं

पत्रिका किती वाटल्या यावरून पानं ठरत नाहीत. वही घ्या आणि घराघरांची नावं लिहून प्रत्येकापुढे आकडा टाका: कुटुंबासह येणारे, एकटेच येणारे, फक्त तोंड दाखवून जाणारे. व्याह्यांकडचा आकडा त्यांच्या घरातल्या एका जबाबदार माणसाकडून घ्या आणि लग्नाच्या आधी चार दिवस पुन्हा विचारा. आठ वर्षांखालची दोन मुलं म्हणजे एक पान.

जी पानं हटकून विसरली जातात ती अशी: गुरुजी, बँडवाले किंवा सनईवाले, फोटोग्राफर आणि त्याची मदतनीस मुलं, व्हिडिओवाला, गाड्यांचे चालक, मांडववाले, कार्यालयाचे कामगार, आचारी, वाढपी, भांडीवाल्या बायका. ३०० पानांच्या लग्नात ही ३० ते ४० होतात. तुमच्या ३०० मध्ये ती धरलेली असली पाहिजेत.

तिथीही पंचांगात पाहून घ्या. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी असेल तर १५-२० जणांची साबुदाण्याची खिचडी वेगळी लागेल (१ किलो साबुदाणा १० ते १२ जणांना पुरतो). जैन पाहुणे असतील तर वरण, मसालेभात आणि वांग्याची भाजी कांदा-लसणाशिवाय करा. कडक पाळणारे जैन बटाटा, आलं आणि वांगंही खात नाहीत, तेव्हा त्यांना आधी विचारून घ्या. लग्नाच्या पंगतीत कांदा-लसूण नसला तरी चव कुठेच कमी पडत नाही, गोडा मसाला आणि खोबरं ते सांभाळून घेतात.

काय काय करायचं

पदार्थ निवडताना भावापेक्षा वेळ पाहा. जो आदल्या दिवशी होतो, जो उन्हात टिकतो आणि जो दोन तास थांबला तरी खराब होत नाही, तो खरा स्वस्त पदार्थ. या मोजपट्टीने नाशिक भागातलं जुनं जेवणच पुढे येतं: बुंदी, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, वांग्याची रस्सा भाजी, मसालेभात, वरण-भात-तूप, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर, लोणचं, पापड. यापुढे एकही पदार्थ वाढवू नका. प्रत्येक जादा पदार्थाला एक पातेलं, एक चूल आणि एक वाढपी लागतो, आणि दोन गोड ठेवले तर दोन्ही अर्धे पानात राहतात.

गोडात बुंदीच का? तिला दूध-खवा लागत नाही, आदल्या दिवशी होते, एप्रिल-मेच्या उन्हातही आंबत नाही आणि वाढायला एक वाटी पुरते. जिलेबी गरमच हवी, म्हणजे ऐन वेळी एक कढई आणि एक कसबी माणूस तिच्यातच अडकतो. बासुंदी, श्रीखंड, रबडी उन्हाळ्यात नवख्यांनी करू नये. दुधाचा पदार्थ ३०० जणांना पुरेल इतका थंड ठेवायची सोय घरगुती लग्नात नसते, आणि लग्नाच्या जेवणाची बाधा होते ती बहुतेक अशाच पदार्थांनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्न असेल तर जेवणाच्या शेवटी द्राक्षं द्या. आपल्याकडे तेव्हा ती ओझर-पिंपळगाव-दिंडोरीकडून थेट मिळतात आणि दुसऱ्या गोडाची उणीव भरून निघते. आदल्या रात्री मात्र ती दोन पाण्यांतून धुऊन ठेवा.

हळदीच्या संध्याकाळी पिठलं-भाकरी-ठेचा किंवा मिसळ-पाव पुरे. लग्नाच्या सकाळी पोहे: १ किलो पोह्यांत १० ते १२ जण. चहाला लिटरभर दुधात १२ ते १५ कप धरा.

शंभर पानांना किती

हा हिशोब वरच्या जेवणासाठीच आहे. तुमच्या ३०० ला तिपटीने गुणा.

- कणीक ९ किलो (माणशी ५ पुऱ्या), त्यात बारीक रवा पाऊण किलो
- बटाटे ९ किलो
- वांगी ६ किलो आणि सुके वाटाणे १ किलो
- मसालेभाताला तांदूळ ४.५ किलो, तोंडली, फ्लॉवर किंवा मटार मिळून २.५ किलो
- साध्या भाताला तांदूळ ३ किलो
- तूरडाळ २.५ किलो
- बुंदीला बेसन ३ किलो, साखर ६ किलो
- मठ्ठ्याला दही ५ किलो
- काकडी ५ किलो
- शेंगदाणे २ किलो (कोशिंबीर आणि वांग्याच्या भाजीसाठी कूट)
- तूप १ किलो
- सुकं खोबरं पाऊण किलो, ओले नारळ ५
- मीठ दीड किलो, लाल तिखट ५०० ग्रॅम, हळद १५० ग्रॅम, गोडा मसाला ३०० ग्रॅम, धने-जिरे पूड ३०० ग्रॅम, मोहरी १५० ग्रॅम, जिरे १५० ग्रॅम, हिंग ५० ग्रॅम
- गूळ पाऊण किलो, चिंच पाव किलो
- हिरवी मिरची १ किलो, आलं अर्धा किलो, कोथिंबीर ८ ते १० जुड्या, लिंबं ३०, कढीपत्ता
- पापड ११०, लोणचं दीड किलो

पाहुणे भाताकडे झुकणारे असतील, म्हणजे इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातले, तर एकूण तांदूळ शंभराला ९ किलोपर्यंत न्या आणि कणीक दीड किलोने कमी करा.

तेलाचा हिशोब मात्र वेगळा. शंभर पानांच्या पुऱ्या, बुंदी, फोडण्या मिळून साडेपाच किलोच्या आसपास मुरतं. ३०० ला साधारण १७ किलो. त्यावर कढईत शेवटी उरणारं ७-८ किलो. म्हणजे १५ किलोचे दोन डबे पुरतात.

आचारी आणि त्याची यादी

आचारी ओळखीतून घ्या आणि तो एखाद्या लग्नात शिजवत असेल तेव्हा जाऊन जेवा. बोली करताना एवढं ठरवून टाका: मजुरी पानावर की ठोक, त्यात मदतनीस किती, पुऱ्या लाटणाऱ्या बायका त्याच्या की तुमच्या, भांडी घासणारे कोण, सकाळचे पोहे-चहा धरले आहेत का, आणि तो आदल्या दिवशी किती वाजता येणार. ३०० पानांना एक मुख्य आचारी, दोन मदतनीस, लाटायला पाच बायका आणि भांड्यांना दोघी लागतात.

आचारी जी सामानाची यादी देतो ती थोडी चढी असते. कमी पडलं तर बोल त्याला लागतो, म्हणून तो हात सैल ठेवतो. त्यावरून वाद घालू नका. वरच्या वजनांशी ताडून पाहा, जिथे दीडपट-दुप्पट दिसेल तिथे कारण विचारा, आणि बाकीचं घ्या; पण कोठीतून देताना अर्धं आधी आणि अर्धं मागाहून द्या.

कोठी म्हणजे कुलूप लागणारी एक खोली, एक वजनकाटा, एक वही आणि एकच किल्ली. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू वजन करून आणि लिहून जाते. तूप, तेल, काजू, साखर, खोबरं हे तर मोजूनच. यात कोणावर अविश्वास नाही. दहा माणसं कोठीत शिरली की कोणी काय नेलं हे कोणालाच आठवत नाही आणि मग दुपारी दोनला साखर आणायला गाडी पळवावी लागते.

खरेदी

किराणा पंधरा दिवस आधी भरा. रविवार कारंजा भागातल्या घाऊक दुकानांपैकी दोघांकडे एकच यादी देऊन भाव काढा. भावाइतकीच महत्त्वाची बोली अशी: न उघडलेले डबे आणि न फोडलेली पोती परत घेणार का? जो हो म्हणेल त्याच्याकडे दोन रुपये जास्त गेले तरी सामान तिथूनच घ्या. मग थोडं चढं घेतलं तरी नुकसान नाही. परतीची बोली पावतीवर लिहून घ्या.

तांदूळ जुना कोलम घ्या. इगतपुरीचा इंद्रायणी घरी कितीही गोड लागला तरी मोठ्या पातेल्यात तो चिकटतो आणि वरच्या वजनाने खाली लगदा होतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा राहतो. घेण्याआधी पाव किलो शिजवून पाहा. डाळही तशीच, एक वाटी शिजवून पाहिल्याशिवाय पोतं उचलू नका.

भाजी पंचवटीतल्या मार्केट यार्डातून आदल्या दिवशी. टोमॅटो, वांगी जाळीने मिळतात, कोथिंबीर शेकड्याच्या भावाने. तुम्हाला ३० जुड्याच हव्या असतात, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या किरकोळ विक्रेत्याबरोबर वाटून घ्या किंवा त्याच्याकडूनच घ्या. पावसाने कोथिंबिरीचा भाव एका दिवसात कुठल्या कुठे जातो, त्यामुळे तिच्यासाठी हिशोबात थोडी जागा ठेवा. कांदा-बटाटा चार दिवस आधी आणला तरी चालतो, फक्त पोती उघडून पसरून ठेवा. वांगी लहान, देठाला हिरवी आणि वजनाला हलकी पाहून घ्या. जड वांगी बियांची निघतात.

भांडी, गॅस, पाणी

६० लिटरची पातेली सहा, ३० लिटरची चार, मोठ्या कढया दोन, झारे, डाव, ओगराळी, पराती, पोळपाट-लाटणी पाच जोड, चाळण्या, बुंदीचा झारा, पिंपं आणि वाढायच्या बादल्या. भाड्याने घेताना मोजून घ्या आणि पोचे, फुटकी कडी लिहून ठेवा. भांडी पितळेची असतील तर आत कल्हई आहे का ते हात फिरवून बघा. आत पिवळं दिसत असेल तर त्यात चिंच, टोमॅटो, दही काहीही घालायचं नाही, पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. कल्हई उडालेली असेल तर ते पातेलं बदलून मागा. मठ्ठा आणि कोशिंबीर फक्त स्टीलमध्ये. ॲल्युमिनियममध्येही आंबट ठेवू नका.

गॅसचा घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर कार्यालयात वापरायचा नाही, तो त्यासाठी नाहीच. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वितरकाकडून अनामत भरून घ्या. ३०० पानांना, बुंदी धरून, तीन लागतात. चौथा भरलेला बाजूला ठेवा. तो नसला आणि तिसरा पुरीच्या वेळी संपला तर पंगत तशीच बसून राहते. सिलिंडर उभेच ठेवा, शेगडीपासून नळीच्या लांबीइतके दूर, आणि उन्हात नकोत. नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. वाळूच्या दोन बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडं चुलीजवळ हवं. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. झाकण टाकून गॅस बंद करायचा.

प्यायचं पाणी माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दीड. म्हणजे २० लिटरचे जार थंडीत १५, उन्हाळ्यात २२ ते २३. बर्फ घ्यायचा झाला तर खाण्यायोग्य आहे अशी खात्री करूनच घ्या. माल थंड ठेवायचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम आहे, पण सगळेच तो पाळतील असं धरू नका. सर्वात सुरक्षित म्हणजे बर्फ पिंपाच्या बाहेरून लावायचा, आत टाकायचाच नाही.

पत्रावळी पानांच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या घ्या. थर्माकोलच्या ताटांवर आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या भांड्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी ३५० आणि द्रोण ७०० (वांग्याची रस्सा आणि मठ्ठा) धरा.

आदला दिवस

दुपारी तीनला चुली लागतात त्या बुंदीसाठी. बेसन चाळून घ्या, १ किलोला साधारण सव्वा लिटर पाणी, चमचाभर मोहनाचं तेल. पीठ झाऱ्यावर ओतलं की आपोआप गळलं पाहिजे. शेपूट असलेली बुंदी आली तर पीठ घट्ट आहे, चपटी आली तर पातळ. पाक एकतारी. तार दोन झाल्या तर बुंदी रात्रीतून साखरेने पांढरी पडून कोरडी होते, तार आलीच नाही तर सकाळी पिचपिचीत. पाकात लिंबाचं थोडं पाणी घातलं की साखर परत बसत नाही. बुंदी पूर्ण गार झाल्यावरच झाका. गरम झाकली तर झाकणाची वाफ आत पडते.

संध्याकाळी दही लावा. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी नाशिकपर्यंत येते तेव्हा दही रात्रीत लागत नाही. दूध थोडं जास्त कोमट घ्या, विरजण दीडपट करा आणि भांडं पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवा. संध्याकाळी सहालाच लावा. उन्हाळ्यात उलट, रात्री दहाच्या आधी लावलं तर सकाळी आंबट निघतं.

रात्री कूट, आलं-मिरचीचं वाटण, मसाले मोजून पुड्या बांधा आणि प्रत्येक पुडीवर पदार्थाचं नाव लिहा. वाटाणे भिजत घाला. तोंडली चिरून ठेवायला हरकत नाही. वांगी, कोशिंबिरीची काकडी आणि ओला नारळ सकाळीच. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात.

लग्नाचा दिवस, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा धरून

५.३० ला चहा, ६.३० पर्यंत पोहे. ७ ला बटाटे उकडायला आणि डाळ भिजत. ८.३० ला डाळ चुलीवर. हळद, हिंग, थोडं तेल घाला, मीठ आणि चिंच डाळ शिजून घोटल्यावरच. आंबट आधी पडलं तर डाळ शिजत नाही.

९.३० ला वांग्याची रस्सा. इथे नवख्यांची एक चूक ठरलेली असते: चार माणसांच्या भाजीतलं तिखट पंचाहत्तरने गुणायचं. मोठ्या पातेल्यात पाणी कमी आटतं, रस्सा जास्त वेळ गरम राहतो, मसाला मुरतच जातो. तिखट, लवंग, दालचिनी हिशोबाच्या पाऊणपटच घाला, चव घ्या, मग वाढवा. मिठाचंही तसंच. खारट झालंच तर कणकेचा गोळा टाकून काही होत नाही. उकडलेले बटाटे कुस्करून, कूट आणि उकळतं पाणी घालून भाजीच वाढवावी लागते. त्यासाठी दोन किलो उकडलेले बटाटे बाजूला असू द्या.

१०.१५ ला बटाट्याची भाजी. १०.४५ ला कोशिंबिरीची काकडी चोचवून निथळत ठेवा, पण मीठ आणि दही-कूट पंगतीआधी दहा मिनिटं, नाहीतर पाणी सुटतं.

११.१५ ला मसालेभात, आणि याला थोडं जास्त जपा, कारण लग्नात बिघडतो तो बहुतेक हाच. ३०० पानांचे साडेतेरा किलो तांदूळ एका पातेल्यात घालू नका, दोन करा. ६० लिटरच्या पातेल्यात १० किलोच्या वर तांदूळ गेला की वर कच्चा आणि खाली गिचका. घरी एका मापाला दोन मापं पाणी घालत असाल तर इथे पावणेदोन, आणि पाणी उकळतंच. तांदूळ फोडणीत परतून, भाज्या घालून, पाणी वर दिसेनासं झालं की आच अगदी मंद करा. दाणा पाऊण शिजला की गॅस बंद, वर ओलं फडकं, झाकण, वीस मिनिटं हात लावायचा नाही. इतक्या मोठ्या पातेल्याची आतली धग उरलेला पाव भाग शिजवते. पूर्ण शिजेपर्यंत आच ठेवली तर हीच धग त्याचा लगदा करते. खाली लागल्याचा वास आला तर ढवळू नका. वरचा भात लगेच दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या, तळाचा तसाच सोडा. ढवळलात की करपट वास सगळ्या भाताला लागतो.

साधा भात १२ ला, वेळून, म्हणजे जास्त पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकून. त्यालाही दोन पातेली.

मठ्ठा ११.३० नंतर घुसळा: ५ किलो दह्याला ९ ते १० लिटर पाणी, आलं-मिरची, मीठ, साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. लवकर केला तर उन्हात आंबतो.

पुऱ्यांची कणीक पाच-पाच किलोच्या घाण्यांनीच मळा. सगळी एकदम मळून ठेवली तर सैल होते, पिठाचा हात लावून लाटावी लागते, ते पीठ तेलात जळतं आणि पुऱ्या काळपट, तेलकट निघतात. कणीक घट्ट, किलोला ५० ग्रॅम मोहन, चिमूट साखर रंगाला. एका कढईतून तासाला ५०० ते ६०० पुऱ्या निघतात. तुम्हाला १५०० हव्यात, म्हणून कढया दोन. पहिली कढई १२.१५ ला आणि दुसरी मंगलाष्टकं सुरू झाली की. पहिल्या पंगतीआधी ३०० पुऱ्या तयार हव्यात.

शिजलेलं अन्न एकतर वाफाळतं गरम ठेवा नाहीतर वाढून मोकळं करा. कोमट अवस्थेत, म्हणजे ६० अंशांच्या खाली, भात आणि भाजी उन्हाळ्यात दोन तासांच्या पुढे ठेवायची नाही. भातात राहिलेले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट पातेल्यात वाढून त्यांचं विष तयार होतं, पुन्हा गरम केल्यानेही ते जात नाही. मुहूर्त लांबला तर मंद आचेवर पाण्याच्या परातीत पातेली ठेवा.

वाढणं

बुफे सोपा वाटतो, पण लोक ताट भरून घेतात आणि अर्धं टाकतात. पंगतीला माणसं जास्त लागतात, तरी अन्न निश्चित कमी लागतं. जागा असेल तर पंगतच घाला. शंभरची एक, अशा तीन. शंभराच्या पंगतीला बारा वाढपी: पुरीला दोन, दोन भाज्यांना दोन, मसालेभाताला एक, साध्या भाताला एक, वरण आणि तुपाला दोन, बुंदीला एक, कोशिंबीर-लोणचं-पापडाला एक, मठ्ठ्याला एक, पाण्याला एक. कॉलेजची मुलं चांगली वाढतात, पण त्यांना आदल्या दिवशी हळदीच्या जेवणात एकदा वाढायला लावा.

पानात डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, कोशिंबीर, पापड, उजवीकडे भाज्या. हे सगळं माणसं बसण्याआधी वाढून तयार. मग वरण-भात-तूप, पुरी, बुंदी, मसालेभात. शेवटी मठ्ठा.

वाढप्यांना एकच गोष्ट पक्की सांगा: पहिल्यांदा थोडं, मागून पुन्हा. बुंदी पहिल्यांदा एक लहान वाटी, पुऱ्या दोन. नंतर फिरताना मनापासून आग्रह करा, हव्या त्याला हवं तितकं वाढा. पानात पाहून वाढणारा वाढपी पाहुण्यालाही आवडतो आणि अन्नही वाचवतो. प्रत्येक पंगतीआधी कोठीवाल्याने पातेल्यात डोकावून पाहायचं. पहिल्या पंगतीला बुंदीचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग गेला असेल तर वाटी लहान करा. भात कमी दिसला तर दुसरी पंगत बसताच नवा साधा भात लावा. तो अर्ध्या तासात होतो, म्हणून पाच किलो तांदूळ शेवटपर्यंत न उघडता ठेवायचा. आणि कामाची माणसं, चालक, बँडवाले यांना शेवटी उरलेलं नाही, तिसऱ्या पंगतीत पानावर बसवून वाढा.

आवरताना

उरलेलं अन्न कुठे द्यायचं ते आदल्याच दिवशी फोन करून ठरवा. तीनपर्यंत गाडी निघाली पाहिजे. बुंदी, पुऱ्या, सुकी भाजी द्यायला योग्य. मठ्ठा, कोशिंबीर आणि दुपारभर पातेल्यात राहिलेला भात कोणालाही पाठवू नका. बुंदीच्या पाव-पाव किलोच्या पुड्या जवळच्या पाहुण्यांबरोबर द्या.

उष्टं आणि ओला कचरा एका बाजूला, कागद-प्लास्टिक दुसऱ्या बाजूला, म्हणजे घंटागाडीवाला अडवत नाही. कार्यालयाला तशी अट असेल तर ती सकाळीच विचारून घ्या. तळणीचं उरलेलं तेल गाळून आचाऱ्याला देऊ नका, ते पुढच्या कोणाच्या तरी कढईत जाईल.

भांडी घासून झाली की वहीतल्या आकड्याने मोजा आणि भांडीवाल्यासमोरच मोजा. एक डाव हरवला तरी तो अनामतीतून कापला जातो, आणि डाव बहुतेक वेळा उष्ट्याच्या बादलीतच सापडतो. न उघडलेली पोती आणि डबे दुसऱ्या दिवशी सकाळी पावतीसह दुकानात, रिकामे सिलिंडर वितरकाकडे, अनामतीची पावती तुमच्या खिशात.